ताईचा पांढरा रंग

४ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता घेऊन देते आहे.

तू घ्यायला लावलेले दोन मॉनिटर काल आले. खोकी आणणाऱ्याने जिना उतरता उतरता विचारलं, "बाई, टीव्हीचं दुकान काढलंत का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, बहीण हुशार निघाली, तिची फळं भोगते आहे.

बाबांच्या वेळी या टेबलावर एक दिवा, एक भिंग आणि तीन ब्रश असायचे. तेवढ्यावर त्यांनी अर्ध्या गावाचे फोटोतले मुरुमांचे डाग घालवले. आता टेबलावर कोपर टेकायला जागा नाही. डावा मॉनिटर 'सिग्नल नाही' एवढं बोलून झोपी जातो. केबल काढून घालून कसाबसा उठवला, तर समोरच्यात जे दिसतं तेच तो दाखवतो. आरसाच हवा होता तर न्हाणीघरातला आणून ठेवला असता. जुना मॉनिटर मी फेकलेला नाही. तो मुकाट्याने काम करतो, हा गुण या घरात दुर्मिळच.

हे सगळं कशासाठी, ते विसरू नकोस. गुलाबवाल्याचं पुस्तक आहे. शहाण्णव जातींचे शहाण्णव फोटो, आणि ते त्याच्या जावयाने काढलेले, म्हणजे फूल कमी आणि जावयाची सावली जास्त. मुखपृष्ठावर त्याचा नवा पांढरा गुलाब. तेरा वर्षं कलमं करून त्याने तो तयार केला आहे. पुस्तक नीट उतरलं तर दरवर्षीचं काम आपल्याकडे. नाही उतरलं तर मी स्टुडिओ बंद करणार आहे, कारण पासपोर्टचे फोटोसुद्धा लोक आता स्वतःच भिंतीला टेकून काढतात.

नमुन्याचे प्रिंट तुला पाकिटातून पाठवायचेच आहेत, तेव्हा बोलणंही कागदावरच करू. फोनवर तू 'हं, हं' करतेस आणि पलीकडे तुझा कीबोर्ड वाजत असतो.

ताई


११ फेब्रुवारी

ताईस नमस्कार. वाकून नाही, पाठ धरली आहे.

खोक्यात माहितीचा कागद होता, तो वाचलास का? नाही वाचलास. त्यावर चहाचा कप ठेवला असणार.

संगणकाच्या पाठीमागे बघ. वरच्या बाजूला एक खाच आहे, खाली आडव्या ओळीत तीन. तू एक केबल वर खुपसलीस आणि एक खाली, म्हणून एक जागा आणि एक झोपलेला. दोन्ही खालच्या ओळीत लाव. मग सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' उघड. तिथे 'डुप्लिकेट' असेल, ते 'एक्स्टेंड' कर. म्हणजे दोन मॉनिटर मिळून एकच लांब टेबल होईल. समोरच्यावर फक्त फोटो. डावीकडे सगळी हत्यारं, याद्या, बारीक चित्रांची रांग. माऊसचा बाण उलट्या बाजूने पळाला तर घाबरू नकोस. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील, ते ओढून अदलाबदल कर.

आमच्या नकाशांच्या कचेरीत प्रत्येकापुढे तीन मॉनिटर आहेत आणि आम्ही कोपर मांडीवर ठेवतो.

सोबत एक काळी डबी पाठवते आहे. ते रंग मोजायचं यंत्र. मॉनिटरच्या तोंडावर लटकवायचं, पाच मिनिटं हात न लावता बसायचं, हे तुला जड जाईल. ते रंग बघतं आणि मॉनिटरला सुधारतं. दोन्हींना आलटून पालटून लाव, म्हणजे दोघांचा पांढरा एकच होईल. आणि जुना मॉनिटर बाजूला काढ. त्याच्याकडे बघत काम केलंस तर नजर भरकटेल.

धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटीस,

केबल, चौकोन, बाण, सगळं झालं. तुला श्रेय हवं असेल तर घे.

पण तुझी काळी डबी. ती दोन्हींच्या तोंडावर पाच-पाच मिनिटं लोंबली, हिरवे-लाल दिवे दाखवले आणि 'काम झालं' म्हणाली. त्यानंतर दोन्ही मॉनिटर पिवळे. जुन्या कागदासारखे. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, तुझ्या डबीला ती झालेली दिसते. शेजारी जुना मॉनिटर चालू करून पाहिला, तो स्वच्छ पांढरा. अडीचशे पानी माहितीपुस्तक असलेल्या यंत्राला पांढरा कळत नाही आणि दहा वर्षांच्या भंगाराला कळतो.

मी वाद घातला नाही. मॉनिटर पिवळं दाखवतो ना, मग फोटोतून तेवढा पिवळा काढायचा आणि निळा घालायचा, पांढरा पांढरा दिसेपर्यंत. गुलाबवाल्याने निरोप पाठवला होता, "फूल पाठवतो, समोर ठेवून रंग लावा." मी नको म्हटलं. समोर ठेवून रंग लावणं म्हणजे उत्तरं बघून गणित सोडवणं. पांढरा कसा असतो हे अडतीस वर्षांनी फुलाला विचारायचं का?

तीन प्रिंट पाठवते आहे. मुखपृष्ठाचा वर आहे. बघ आणि कडा कशा उतरल्यात ते सांग. रंगाचं विचारत नाही. बाबा म्हणायचे ना, धाकटीला डोकं दिलंय, डोळे थोरलीला. त्यांनी वाटणी नीट केली.

ताई


२७ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

प्रिंट मिळाले. कडा फार सुरेख आहेत. तिसऱ्या फुलावरची जावयाची सावली तू कुठे नेलीस ते शोधूनही सापडलं नाही.

तुझ्या खोलीत त्या हिरव्या पडद्याचं काय केलंस? त्याचा उजेड मॉनिटरवर पडत असेल. ट्यूबलाईट बदललीस का? प्रिंट बघताना दिव्याखाली बघतेस की खिडकीशी? फूल एकदा मागवलंस तर बरं होईल. तू म्हणतेस तसं उत्तर बघायला नको, नुसतं शेजारी असू दे.

चष्म्याचा नंबर कधी तपासला होतास? सहज विचारते आहे.

बाकी तुला दिसतं ते बरोबरच असणार.

धाकटी


६ मार्च

धाकटीस,

तू दोन ओळींचं कौतुक केलंस आणि चार प्रश्न विचारलेस. ही पद्धत तुझ्या कचेरीतली का?

पडदा काढला. ट्यूब बदलली. भिंतीला करडा रंग मारून घेतला, आता खोली रिकाम्या डब्यासारखी दिसते. मॉनिटर तसेच पिवळे आहेत. तेव्हा पडद्याचा दोष नव्हता, हे नोंदवून ठेव. आणि चष्मा शाबूत आहे. गेल्याच वर्षी काडी बदलली.

शहाण्णव फोटो पूर्ण झाले. दोन मॉनिटरची सोय आहे, हे मान्य करते. डावीकडे रांग दिसते, त्यामुळे चाळिसाव्याचा रंग पहिल्याशी जुळतो की नाही ते मान वळवली की कळतं. सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळवलेत.

खालचा शिंपी काल वर आला. मला म्हणाला, "बाई, काळ्या कोटाला तुम्ही निळा दोरा आणून दिलात." मी म्हटलं, दोरा काळाच आहे, तुझ्या दुकानात अंधार आहे. मग मुखपृष्ठाचा प्रिंट हातात घेऊन म्हणतो, "थंडी वाजत असल्यासारखं दिसतंय फूल." शिंप्याने सुईत दोरा ओवावा. हल्ली ज्याला त्याला रंगातलं कळतं.

उद्या सगळे प्रिंट गुलाबवाल्याला दाखवायला बोलावलं आहे. तुझी काळी डबी कपाटावर ठेवली आहे, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा.

ताई


८ मार्च

धाकटीस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

गुलाबवाला आला. खुर्चीत बसला, चष्मा पुसला, पहिली दहा पानं उलटली. मग मुखपृष्ठ उचललं आणि विचारलं, "बाई, हे कुणाचं फूल आहे?"

मी म्हटलं, तुमचंच.

त्याने पिशवीतून खरं फूल काढून प्रिंटवर ठेवलं. ते पिवळट होतं. मी म्हटलं, पिशवीत कोमेजलं असेल. तो म्हणाला, "सकाळी सातला खुडलंय. दुधावरच्या सायीचा रंग आहे हा. तेरा वर्षं मी हा रंग शोधत होतो, आणि तुम्ही त्याला आजारी पाडलंत." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मीही चढवला असता. जावई मागे उभा राहून मान हलवत होता, ज्याला स्वतःची सावली फोटोबाहेर ठेवता येत नाही तो.

२० एप्रिलपर्यंत वेळ दिली आहे. तोपर्यंत रंग आला नाही तर तो चौकातल्या नव्या स्टुडिओकडे जाईल. तिथले लोक भाजीचे आणि नवरीचे फोटो एकाच बटणाने उजळतात.

आता सांग, तुझ्या कुठल्या केबलने माझा घात केला? यंत्र बिघडलेलं पाठवलंस की मॉनिटर? बाबांच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून मला कुणी आजवर असं विचारलं नव्हतं. तू म्हणालीस म्हणून मी हे दोन पिवळे ठोकळे घरात घेतले. दुरुस्त करून दे.

ताई


१४ मार्च

ताई,

केबल बरोबर आहे. मॉनिटर बरोबर आहेत. डबीही बरोबर आहे, पाठवण्याआधी मी तिला कचेरीतल्या दुसऱ्या डबीशी ताडून पाहिलं होतं.

तुझे प्रिंट निळे आहेत. फेब्रुवारीत पाकीट उघडलं तेव्हाच मला दिसलं. मी ते खिडकीशी नेले, दिव्याखाली नेले, मग कचेरीत टेबलावर ठेवून कुणाला काही न सांगता नुसतं 'कसं वाटतं' विचारलं. पाच जण 'निळं' म्हणाले, त्यात आमचा दारावरचा रखवालदारही होता.

जुना मॉनिटर जन्मापासून निळसर होता. तुझ्या डोळ्यांना सगळं पिवळं दिसत असणार, कधीपासून देव जाणे, आणि तो निळा ते भरून काढत होता. म्हणून तुझे प्रिंट आजवर बरे यायचे. नव्या मॉनिटरनी खरा पांढरा दाखवला आणि तुला तो पिवळा दिसला. काळा आणि गडद निळा दोरा तुला वेगळा दिसत नाही. शिंप्याच्या दुकानात अंधार नाही, ताई. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मला मोतीबिंदू वाटतो.

आधी का नाही बोलले, हे तू विचारशील. मी अकरा वर्षांची असताना बाबांच्या अंधाऱ्या खोलीत एका बाईचा रंगीत फोटो बघून म्हटलं होतं, हिचा गाल जास्त लाल झाला आहे. बाबांनी मला दंड धरून बाहेर काढलं. तू आतच होतीस आणि हसलीस. दुसऱ्या दिवशी त्या बाईने फोटो परत आणला होता, गाल लाल आहे म्हणून. ते मला कुणी सांगितलं नाही, मी जिन्यावरून ऐकलं. त्यानंतर तुला दिसेल तेच मला दिसतं असं मी म्हणत आले. यंत्र म्हणत होतं मॉनिटर ठीक आहे, माझे डोळे म्हणत होते प्रिंट निळा आहे, आणि तरी मी तुला पडद्याचा रंग विचारत बसले. पन्नाशी उलटली तरी मला वाटत होतं, ताई म्हणते म्हणजे माझंच चुकत असेल.

धाकटी


२१ मार्च

धाकटीस,

गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके पिकेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही?" मी म्हटलं, माझं काम बघण्याचं आहे, डोळ्यांकडे बघायला वेळ कुठे मिळतो. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आता तुझ्याकडे वळते. मला दिसत नव्हतं, त्याला माझा इलाज नव्हता. तुला दिसत होतं आणि तू पडदे मोजत बसलीस. शिंप्याला शिकवणारं कुणी नव्हतं, तो एका नजरेत बोलून मोकळा झाला. तू रखवालदारासकट पाच माणसं गोळा केलीस, आणि मला लिहिलंस की कडा सुरेख आहेत. मी शहाण्णव फुलांना निळं करत होते आणि तू मला करू दिलंस. दोघींत जास्त मूर्ख कोण, हे तूच ठरव. हिशेब तुला चांगले जमतात.

लाल गालाची बाई मला आठवते. मी हसले होते. फोटो परत आला तेव्हा बाबांनी मला बजावलं होतं, धाकटीला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. मी सांगितलं नाही. मला ते बरंच वाटलं होतं. खोलीत एकीलाच जागा होती आणि ती मला हवी होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २८ तारखेला आहे. मला भीती वाटते आहे. डोळ्याची नाही. अडतीस वर्षांतले किती प्रिंट मी चुकीचे दिले असतील आणि लोकांनी मान ठेवून भिंतीवर लावले असतील, त्याची. शिंपी सोबत येणार आहे. वाटेत पाट्यांचे रंग सांगत जाईन म्हणतो.

ताई


७ एप्रिल

धाकटीस,

उजवा डोळा उघडला. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंचा डगला इतका पांढरा दिसला की मी विचारलं, आज नवा का? त्या म्हणाल्या, तोच.

घरी येऊन दोन्ही मॉनिटर लावले. डावा डोळा झाकला, मॉनिटर पांढरे, वर निळी झाक. उजवा झाकला, जुन्या कागदासारखे. दहा वेळा केलं. मग माझे शहाण्णव गुलाब नव्या डोळ्याने पाहिले. गुलाबवाला सभ्य आहे. त्याच्या जागी मी असते तर प्रिंट फाडले असते.

लगेच पांढऱ्या गुलाबाला बसले. नव्या डोळ्याला जिकडेतिकडे निळाच दिसतो, भिंत निळी, दूध निळं, माझे केससुद्धा. म्हणून निळा काढत गेले. शिंप्याला दाखवलं. तो म्हणाला, "आता त्याला ऊन लागलंय." म्हणजे यावेळी पिवळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, नव्या डोळ्याला सवय व्हायला काही आठवडे लागतील. माझ्याकडे तेरा दिवस आहेत.

एक डोळा खोटं बोलतो आणि दुसरा बढाया मारतो. मध्ये बसून मला पांढरा ठरवता येत नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागले. तू ये. मी माऊस धरीन, रंग तू सांग. डबी कपाटावरून काढून पुसून ठेवली आहे.

ताई


१० एप्रिल

ताई,

रविवारी सकाळी पोचते. आठ दिवसांची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं गुलाब.

माझ्या अटी आहेत. गुलाबवाल्याला सांगून रोज सकाळी ताजं फूल मागवायचं आणि ते मॉनिटरशेजारी पेल्यात ठेवायचं. जुना मॉनिटर मी येण्याआधी घराबाहेर गेलेला असला पाहिजे. मी 'निळं आहे' म्हटलं की तू 'कुठे?' असं विचारायचं नाही. आणि मध्येच 'बाबा म्हणायचे' सुरू केलंस तर मी पुढची गाडी पकडीन.

माझा आवाज वाढलेला वाटेल. सवय करून घे, डोळ्यासारखीच.

धाकटी


२२ एप्रिल

धाकटीस,

तू गेल्यावर परवा गुलाबवाला आला. जावयाला बाहेर बाकावर बसवलं होतं, हे चांगलं केलं.

तू निघताना बजावलंस तसं मी काहीच बोलले नाही. मुखपृष्ठ त्याच्यासमोर ठेवलं. त्याने फूल काढलं, प्रिंटवर ठेवलं, उचललं, खिडकीशी नेलं, परत आणलं. मग एकेक पान उलटत शहाण्णवही बघितली. तासभर लागला. मी त्या तासात तीनदा पाणी प्यायले. शेवटी परत मुखपृष्ठावर आला आणि फुलावरून हात फिरवायचा तसा कागदावरून फिरवला.

"हे रंग कुणी लावले?" त्याने विचारलं.

या स्टुडिओत हा प्रश्न आला की उत्तर आपोआप तोंडात येतं. आलंही. तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीने."

"तुमच्याच हाताखाली शिकली असेल."

मी म्हटलं, "नाही. तिला आम्ही शिकवलं नाही. ती लहान होती तेव्हा तिला बरोबर दिसलं, म्हणून आम्ही तिला बाहेर काढलं."

त्याला काही कळलं नाही. तो पुढच्या वर्षीच्या पुस्तकाचं बोलू लागला. मी बाबांच्या पाटीकडे पाठ करून ऐकत होते.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन १२ मेला आहे. तेव्हा शिंप्याला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं आहे, तू ये. तो वाटेत पाट्यांचे रंग फार मोठ्याने सांगतो, आणि हिरव्याला पोपटी म्हणतो.

ताई